घरपट्टीच्या जोरावर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरात घर घेतलेल्या माणसाला दर वर्षी ऑक्टोबरात अलामेडा काउंटीकडून घरपट्टीचं बिल येतं. पहिली ओळ सगळ्यांना सारखीच लागू असते : घराच्या करपात्र किमतीवर एक टक्का. तिच्याखाली बारीक अक्षरात आणखी काही ओळी असतात. शाळांचे रोखे, कम्युनिटी कॉलेजचे रोखे, बार्ट रेल्वेचे रोखे, प्रादेशिक उद्यानांचे रोखे. प्रत्येकीपुढे एक टक्क्याच्या शेकडाव्या हिश्शात मोजावा असा दर. बहुतेक लोक या ओळी वाचत नाहीत. एकूण रक्कम बघतात, सुस्कारा टाकतात आणि १० डिसेंबरच्या आत पहिला हप्ता भरून टाकतात, कारण त्यानंतर दहा टक्के दंड लागतो.

त्या बारीक ओळी म्हणजे कर्जाचे हप्ते. जून २०१४ मध्ये फ्रीमाँटच्या मतदारांनी आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, ६५ कोटी डॉलरचे रोखे काढायची परवानगी दिली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तीन काउंट्यांतल्या मतदारांनी बार्टला ३५० कोटी डॉलर उभे करायला होकार दिला. शाळांची डागडुजी, नव्या वर्गखोल्या, जुने झालेले रूळ, वीजपुरवठा यांसाठी हा पैसा कुठल्या तरी विमा कंपनीने, म्युच्युअल फंडाने किंवा एखाद्या निवृत्त डॉक्टरने रोखे विकत घेऊन पुरवला. तो परत करायचा आहे फ्रीमाँटच्या घरमालकांना, वीस-तीस वर्षं, थोडा थोडा.

मोठं काम कर्ज काढून करावं, यात चूक काही नाही. शाळेची इमारत पन्नास वर्षं उभी राहणार असेल, तर तिचा सगळा खर्च या वर्षी योगायोगाने त्या गावात राहणाऱ्या लोकांनीच का उचलावा? पुढे येणाऱ्यांनीही आपला वाटा द्यावा, हे रास्तच आहे. प्रश्न तारणाचा. पुलावर टोल बसवता येतो, पाणीपुरवठ्याची बिलं वसूल करता येतात, आणि त्या कमाईवर कर्ज मिळतं. सरकारी शाळेची कमाई शून्य. आणि हप्ता चुकला म्हणून शाळेच्या इमारतीचा लिलाव पुकारायला कोणी येणार नाही. मग सावकाराने भरवसा ठेवायचा कशावर? कर बसवण्याच्या अधिकारावर. गहाण पडते ती इमारत नव्हे, तर गावातल्या प्रत्येक घरावर, दुकानावर, रिकाम्या प्लॉटवर कर आकारण्याची सत्ता. अमेरिकेत अशा रोख्यांना ‘जनरल ऑब्लिगेशन बाँड’ म्हणतात.

यातलं गणित आपल्या सवयीच्या उलट दिशेने चालतं. आपल्याकडे कराचा दर आधी ठरतो, मग किती पैसा जमतो ते दिसतं. या रोख्यांच्या बाबतीत आधी रक्कम ठरलेली असते. समजा, एका स्कूल डिस्ट्रिक्टला यंदा मुद्दल आणि व्याज मिळून अडीच कोटी डॉलर फेडायचे आहेत आणि हद्दीतल्या सगळ्या मालमत्तेची करपात्र किंमत ५,००० कोटी डॉलर आहे. काउंटीचा हिशेबनीस भागाकार करतो आणि उत्तर येतं : लाख डॉलरमागे ५० डॉलर. हाच यंदाचा दर. पुढच्या वर्षी घरांच्या किमती वाढल्या की दर आपोआप खाली येईल. मंदी आली, किमती कोसळल्या, तर दर चढेल. गुंतवणूकदाराला हेच हवं असतं. गावाचं नशीब कसंही फिरो, हप्त्याची रक्कम पुरी होईपर्यंत कर लावणं काउंटीवर कायद्याने बंधनकारक असतं. पाच वर्षं कर न भरणाऱ्या घराचा काउंटी लिलाव करू शकते, तेव्हा शाळा गहाण नसली तरी घरं जवळजवळ गहाणच असतात म्हणायची.

शिवाय या रोख्यांच्या व्याजावर केंद्रीय आयकर नाही. १९१३ मध्ये अमेरिकेत आयकर आला तेव्हापासून ही सूट आहे. श्रीमंत माणूस त्यामुळे कमी व्याजावरही खूश असतो आणि गावाला स्वस्तात कर्ज मिळतं. गावाच्या शाळेचा काही भार अशा रीतीने वॉशिंग्टनच्या तिजोरीवर, न बोलता, पडतो.

प्रत्येक रोख्यासोबत एका वकिली फर्मचं अभिप्रायपत्र जोडलेलं असतं : हे कर्ज कायद्याप्रमाणे काढलं आहे. नुसता उपचार वाटतो, पण त्यामागे चांगलाच चटका आहे. एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या पुढाऱ्यांनी ‘आपल्या गावात रेल्वे येणार’ म्हणून भराभर रोखे काढले. रेल्वे कुठे आली, कुठे आलीच नाही. मग गावं कोर्टात जाऊन सांगू लागली की मुळात रोखे काढतानाच कायदेशीर चूक झाली होती, तेव्हा आम्ही काही देणं लागत नाही. त्यानंतर गुंतवणूकदार वकिलाच्या सहीशिवाय पैसे देईनासे झाले.

राज्यांचंही तेच. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला कालवे आणि रेल्वेच्या नादात बुडालेल्या आठ राज्यांनी हप्ते चुकवले. त्याचा धसका घेऊन राज्याराज्यांनी आपल्या घटनांमध्ये कर्जाला वेसण घातली, आणि त्यातून एक विचार पुढे आला : फेडणाऱ्याला आधी विचारा. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या घटनेत स्थानिक कर्जासाठी दोन-तृतीयांश मतदारांची संमती लागेल, अशी अट आली. ती अट आज दीडशे वर्षं होत आली तरी बऱ्याच अंशी टिकून आहे.

पण विचारायचं कोणाला? जो कर भरतो त्याला, की जो त्या गावात राहतो त्याला? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कित्येक वर्षं फक्त मालमत्ताधारकांनाच रोख्यांवर मत देता येई. १९७० मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मोडीत काढलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की शाळा-उद्यानांचा लाभ भाडेकरूलाही होतो आणि घरमालक आपला कर भाड्यात वसूल करतोच, तेव्हा भाडेकरूला बाहेर ठेवायला काही आधार नाही. निकाल न्याय्यच होता. तरी एक फट राहिलीच. फ्रीमाँट, सनीवेल, क्यूपर्टिनो या भागात एच-वन-बी व्हिसावर आलेल्या, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं तिष्ठणाऱ्या मराठी इंजिनियरांची घरं काही थोडी नाहीत. ते शाळेच्या रोख्यांची ओळ निमूटपणे भरतात, त्यांची मुलं त्या शाळांत जातात, पण रोखे काढायचे की नाहीत यावर त्यांना मत नाही, कारण मत नागरिकालाच. चांगल्या शाळांमुळेच आपल्या घराला किंमत आहे, हे त्यांना पक्कं माहीत असल्यामुळे तक्रार क्वचितच ऐकू येते.

त्यांच्या बिलात आणखी एक गंमत दडलेली असते, आणि ती समजून घ्यायला १९७८ मध्ये जावं लागतं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती झपाट्याने वाढत होत्या आणि त्यांच्यामागे घरपट्टी धावत होती. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःच्याच घरात राहणं परवडेना. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी सह्या गोळा करून ‘प्रपोझिशन तेरा’ हा प्रस्ताव मतपेटीपर्यंत आणला. ६ जून १९७८ रोजी जवळजवळ ६५ टक्के मतांनी तो मंजूर झाला. घरपट्टी जास्तीत जास्त एक टक्का, करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, आणि घर विकलं गेलं तरच ती बाजारभावाला आणायची. एका रात्रीत घरपट्टीचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं.

याचा परिणाम कुठल्याही गल्लीत बघायला मिळतो. १९७८ च्या सुमाराला लाख डॉलरला घेतलेल्या घराची करपात्र किंमत दोन-दोन टक्क्यांनी वाढत आज अडीच लाखांच्या आसपास पोचते. शेजारचं तसंच घर गेल्या वर्षी पंधरा लाखांना विकलं गेलं असेल, तर त्याची करपात्र किंमत पंधरा लाख. लाखामागे ५० डॉलरचा रोख्यांचा कर जुन्या मालकाला १२५ डॉलर पडतो, नव्याला ७५०. शाळा एकच, रस्ता एकच. जुना मालक मतदार असण्याची शक्यता जास्त आणि त्याचा वाटा कमी; नव्याचं उलट. कर्जाला संमती देणं त्यामुळे जुन्या रहिवाशांना जरा सोपं जातं, असं मला वाटतं, आणि कर्ज फेडण्यात सिंहाचा वाटा नुकत्याच आलेल्यांचा असतो.

प्रपोझिशन तेराने नव्या रोख्यांची वाटच बंद केली होती. एक टक्क्याच्या वर कर लावायला मुभा फक्त जुन्या कर्जांपुरती होती. आठ वर्षं शाळांनी कशीबशी काढली. १९८६ मध्ये घटनादुरुस्ती होऊन दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा रोखे काढता येऊ लागले. पण दोन-तृतीयांश हा फार उंच उंबरठा होता. ६४ टक्के लोक हो म्हणाले तरी शाळा नापास. शेवटी नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३९ आलं आणि शाळांच्या रोख्यांसाठी ५५ टक्के पुरतील असं ठरलं. (हा बदल करायला मात्र साधं बहुमत पुरलं, ५३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. दोन-तृतीयांशचं कडक पथ्य घालून देणाऱ्या प्रपोझिशन तेरालाही स्वतःसाठी साधं बहुमतच लागत होतं.) सवलतीबरोबर अटी आल्या. कामांची यादी मतदारांपुढे आधी ठेवायची. पैसा शिक्षकांच्या पगारावर खर्च करायचा नाही. दर वर्षी लेखापरीक्षण. खर्चावर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती. आणि प्रत्येक निवडणुकीतल्या रोख्यांमुळे येणारा अंदाजित कर युनिफाइड, म्हणजे प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंतच्या शाळा एकत्र चालवणाऱ्या, स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये लाखामागे ६० डॉलरच्या वर जाता कामा नये.

इतका बंदोबस्त असूनही घोळ होऊ शकतो. सान दिएगोच्या उत्तरेला पोवे नावाचं सुखवस्तू उपनगर आहे. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टने २००८ मध्ये मतदारांकडून रोख्यांना मंजुरी घेतली ती एका आश्वासनावर : कराचा दर वाढणार नाही. त्याच वर्षी घरांचा बाजार कोसळला. करपात्र किमती घसरल्या, आणि नेहमीच्या पद्धतीने रोखे काढले असते तर दर आश्वासनाच्या वर गेला असता. शाळांची कामं तर अर्ध्यावर होती. तेव्हा २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलरचे वेगळ्या जातीचे रोखे काढले गेले. नेहमीच्या रोख्यावर दर सहा महिन्यांनी व्याज द्यावं लागतं. या रोख्यांवर वीसेक वर्षं काहीच द्यायचं नव्हतं. व्याज मुद्दलात मिळत राहणार, त्यावर पुन्हा व्याज चढणार, आणि फेड सुरू होणार २०३३ मध्ये. ती संपणार २०५१ मध्ये. एकूण फेड जवळजवळ ९८ कोटी डॉलर. मुदतीआधी पैसे देऊन सुटका करून घ्यायची सोयही नव्हती.

दर वाढणार नाही हे वचन अशा रीतीने अक्षरशः पाळलं गेलं. ज्यांनी मत दिलं त्यांचा दर वाढला नाही. ज्यांचा वाढणार होता ती त्या वेळी पहिली-दुसरीत होती, किंवा जन्मालाही आली नव्हती. २०१२ मध्ये एका स्थानिक वृत्तसंस्थेने हा हिशेब उघड केला तेव्हा देशभर गाजावाजा झाला, आणि पाहतात तो पोवे एकटं नव्हतं. राज्यात अनेक डिस्ट्रिक्टांनी असंच केलं होतं. मिशिगन राज्याने या जातीचे रोखे १९९४ मध्येच बंद केले होते. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणली आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीहून जास्त असता कामा नये अशी मर्यादा घातली. पोवेचे रोखे त्याआधीचे, म्हणून ते जसेच्या तसे चालू आहेत.

मला यात लबाडीपेक्षा जास्त दिसतो तो दराचा सोस. मतदार दर बघतो, म्हणून मतपत्रिकेवर दराची हमी दिली जाते. एकूण किती फेडायचं हे त्याने विचारलंच नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती तेव्हाच्या नियमांत नव्हती.

गुंतवणूकदाराच्या बाजूनेही सगळं निर्धोक नसतं. डेट्रॉइटची वस्ती १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०१३ पर्यंत ती सात लाखांवर आली. रिकाम्या, पडक्या घरांवर कर लावून हप्ते कसे भरायचे? १८ जुलै २०१३ रोजी शहराने सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरीचा अर्ज केला. मतदारांनी मंजूर केलेल्या, अमर्याद कराचं तारण असलेल्या रोख्यांवर डॉलरमागे ७४ सेंट हाती आले. ज्यांना मतदारांची मंजुरी नव्हती, त्यांना निम्म्याहून कमी. मतदाराचा होकार हे तारण असतं, हे एवढ्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच दिसतं. कॅलिफोर्नियाने या प्रकारातून धडा घेतला आणि २०१५ मध्ये कायदा करून रोख्यांसाठी जमणाऱ्या कराच्या पैशावर रोखेधारकाचा थेट हक्क लिहून टाकला.

आपल्याकडे ही वाट फार जुनी आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातच करांच्या तारणावर कर्ज काढायची तरतूद आहे आणि मुंबई महापालिकेचे कर्जरोखे ब्रिटिश काळात बाजारात चालत. स्वातंत्र्यानंतर ही सवय मोडली. पुन्हा सुरुवात झाली ती १९९७ मध्ये बंगळुरूपासून, तीही राज्य सरकारच्या हमीवर. राज्याच्या हमीविना पहिलं पाऊल टाकलं अहमदाबादने, १९९८ मध्ये, १०० कोटींसाठी. तारण होतं जकातीचं : ठरावीक नाक्यांवरची वसुली वेगळ्या खात्यात. नाशिकनेही पुढच्या वर्षी १०० कोटी उभारले. त्या काळात नाक्यावर रोजच्या रोज रोकड जमत असल्यामुळे तारण म्हणून जकातीसारखं दुसरं काही नव्हतं. पुढे जकातच गेली, आणि महापालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते मिळकतकराचं.

पुण्याने जून २०१७ मध्ये रोखे काढले ते याच जोरावर, वस्तू व सेवा कर लागू व्हायच्या आठच-नऊ दिवस आधी. २०० कोटी रुपये, दहा वर्षं मुदत, ७.५९ टक्के व्याज, ‘एए प्लस’ रेटिंग. हवे होते त्याच्या सहापट पैसे द्यायला गुंतवणूकदार तयार होते. मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवायला मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री हजर होते. चोवीस तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी पाच वर्षांत २,२६४ कोटी उभारायचे होते, त्यातला हा पहिला हप्ता. कराची वसुली एका एस्क्रो खात्यात जाते आणि रोख्यांचा वाटा आधी बाजूला निघतो. पगार हातात पडण्याआधीच गृहकर्जाचा हप्ता वळता व्हावा, तसं. केंद्राने वर २६ कोटींचं बक्षीस दिलं.

कर्ज मिळालं, काम मात्र अडलं. निविदा अंदाजापेक्षा फार चढ्या आल्याने रद्द कराव्या लागल्या, फेरनिविदा काढाव्या लागल्या, आणि तोवर रोख्यांचा पैसा बँकेत पडून. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख, दिवसाला चार लाखांहून जास्त. ठेवीवर व्याज मिळत असलं तरी पाणी मिळत नव्हतं. पुढचे हप्ते बाजारात आणायची घाई मग काही वर्षं कोणी केली नाही.

अमेरिकेतल्या पद्धतीशी तुलना केली तर पुण्यातलं तारण तेच आहे, पण दोन सांधे वेगळे आहेत. पहिला, हप्त्याप्रमाणे कराचा दर आपोआप वर-खाली होत नाही. दर ठरवणं राजकारणाच्या हाती. स्वतः राहत असलेल्या घरांना पुण्यात १९७० पासून मिळत असलेली चाळीस टक्के सवलत मध्येच निघाली, थकबाकीची बिलं गेली, ओरड झाली, आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ताकर माफ झाला. हे निर्णय चांगले की वाईट हा निराळा वाद. रोखेधारक मात्र अशा शहराला पैसे देताना निवडणुकीचं वेळापत्रकही बघणार. आपल्याकडे व्याजावर आयकराची तशी सरसकट सूट नाही, तेव्हा त्याला स्वस्तात पटवायलाही फारसं काही हाती नाही.

दुसरा सांधा संमतीचा. इथे मतदान नाही. महापालिकेची मुख्य सभा ठराव करते, राज्य सरकार मान्यता देतं, सेबीचे २०१५ चे नियम पाळले जातात, रेटिंग संस्था आकडे तपासतात. गुंतवणूकदाराला शेकडो पानांचं माहितीपत्रक मिळतं. मिळकतकराच्या बिलावर मात्र, फ्रीमाँटसारखी, ‘रोख्यांची फेड : इतके रुपये’ अशी वेगळी ओळ नसते.

प्रत्येक कर्जावर शहरभर मतदान घ्यावं, असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातला मतदारही दर निवडणुकीत डझनभर प्रस्ताव वाचून कंटाळतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घरबांधणी व पायाभूत सुविधांच्या रोख्यांसाठीही ५५ टक्के पुरावेत हा प्रस्ताव त्याने फेटाळून लावला. पण नगरसेवकाच्या हातून दिलेली संमती हीच जर आपली पद्धत असेल, तर निदान नगरसेवक तरी हवेत. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. मुख्य सभेचे अधिकार प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडेच गेले. त्याच काळात, २०२३ मध्ये, पिंपरी-चिंचवडने मुळा नदीच्या सुधारणेसाठी २०० कोटींचे रोखे ८.१५ टक्के व्याजाने काढले. ‘एए प्लस’ रेटिंग होतं, मागणी भरपूर आली, सगळ्या मान्यता होत्या. ठराव मांडणारे आणि तो मंजूर करणारे अधिकारी तेच होते.